आत्याची साक्ष आणि आमचं मतदान

नागपुरात चाललेले उमरेड तालुक्याचे जुने दिवाणी दावे तालुक्याच्याच कोर्टात पाठवावेत, म्हाताऱ्या साक्षीदारांसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा, असा प्रस्ताव होता. आमच्या वकील संघाचं मत मागवलं, संघाने मतदान ठेवलं. मतदानाच्या दिवशी आमच्यात कोणी काम चालवत नाही. सगळ्या प्रकरणांत पुढची तारीख घेतात.

नेमकी त्याच दिवशी माझ्या अशिलाच्या आत्याची साक्ष होती. अशील उमरेडकडची विणकर. बापाने मृत्युपत्रात मागाची खोली तिला दिली होती आणि भावाची मुलं ते खोटं म्हणत होती. मृत्युपत्राच्या दोन साक्षीदारांपैकी एक वारला होता. उरली ही आत्या, ऐंशीच्या पुढची, पहिल्या बसने आलेली.

काळ्या कोटांची रांग पाहून ती म्हणाली, "काहून वं बाई, सारे कावळे आज एकाच पंगतीले?"

"वकील हायेत ते, आत्या," अशील हसली.

"मले का दिसत नाही? आज तरी बोलू देतीन का?"

मी मतदानाचं सांगितलं. कशावर आहे, तेही सांगितलं. तिने नीट ऐकलं.

"म्हंजे कोर्ट आमच्याकडे येईन? मंग जा ना, टाकून ये मत. मी इथंच हाये."

मी गेले आणि विरोधात मत दिलं. माझे बरेचसे दावे त्याच भागातले होते आणि नागपुरातल्या मनीषनगरहून रोज उमरेड करायची माझी तयारी नव्हती. परत आले तर आत्या बाकावर पाय घेऊन जेवत होती.

"टाकलं?"

"टाकलं."

तिने अर्धी भाकर माझ्यापुढे केली. मी खाल्ली.

साक्षीला पुढची तारीख मिळाली. संध्याकाळी प्रस्ताव पडला.

पुढच्या तारखेआधी आत्या गेली. घरी जाऊन साक्ष नोंदवण्याचा अर्ज मला करता आला असता. ती चालती-फिरती होती, म्हणून केला नव्हता. मृत्युपत्रावरचा अंगठा तिचाच, हे सिद्ध करता आलं नाही. दावा गेला.

खोली रिकामी करताना अशिलाचा फोन आला.

"बाई, माग दारातून निघून नाही राहिला. तोडाच लागन."

"सुतार बोलाव. सुटा करून देईल."

"हो." मग म्हणाली, "ते आमच्याकडचं कोर्ट कवा होते? आत्या लय विचारे."

"नाही होणार. प्रस्ताव पडला."

"कोनं पाडला?"

"आम्ही," मी म्हटलं. "मीही."

तिने फोन ठेवला नाही. पलीकडे लाकडावर घाव पडत होते.