दुसऱ्या डब्याचं पाणी

मित्रांनो, आज दुपारी माझी माय गेली. श्रद्धांजली नका लिहू, एवढं फक्त वाचा.

ऐंशीच्या दशकात मी गोंडपिपरीकडच्या आमच्या गावी सातवीत होतो. सरांनी प्रयोग दिला. डालड्याचे दोन डबे घ्यायचे. माती तीच, धान तेच, ऊन तेच. रोपं वर आली की एका डब्याला पाणी द्यायचं, दुसऱ्याला नाही.

दोन्ही डबे सारखेच हिरवेगार! मी वर्गात ठणकावून सांगितलं, धानाला पाणी लागतच नाही. सगळी पोरं खदखदून हसली.

घरी येऊन रडलो, तेव्हा माय म्हणाली, "त्याले मीच पाणी देत होती रे. जनमभर धानाचं रोवणं केलं, डोळ्यासमोर रोप सुकलेलं पाहवत नाई मले."

"माझा प्रयोग बिघडवला ना तू!"

"बिघडू दे," ती म्हणाली.

आज सकाळी चंद्रपूरच्या दवाखान्यात ती पाणी मागत होती. लकव्यामुळे तिला गिळता येत नव्हतं. पाणी फुप्फुसात जाईल, देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"घोटभर दे ना रे बाबू."

"नाई देता येत, माय."

मी ओल्या कापसानं तिचे ओठ पुसत राहिलो. तिची नजर ग्लासावरच होती.

ती गेल्यावर सगळ्यांनी तिच्या तोंडात पाणी सोडलं. तेव्हा कोणी अडवलं नाही.

डॉक्टरांचं बरोबरच होतं, मला कळतं. पण सांगा, माझ्या जागी माय असती, तर तिनं काय केलं असतं?