ओरानियनबाउमच्या माळावरचा कौल

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचले आणि खाली खवचट कमेंट्स टाकल्या. त्यामुळे आता तुम्ही माझी खेचलीत तर मला बोलायला तोंड नाही. मी ड्रेस्डेनमध्ये चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही... मानत नव्हतो, असं म्हणू हवं तर.

गेल्या मे महिन्यात आई आमच्याकडे आली होती. ती देवगडजवळ आमच्या गावी असते. तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती आणि ती बदलायलाच हवी, असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रवासाला त्यांनी परवानगी दिली, पण परत आल्यावर लगेच ऑपरेशन, या बोलीवर. आईचं मात्र एकच — देवाचा कौल घेतल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. निघायच्या गडबडीत तिचं ते राहून गेलं होतं, म्हणून माझ्या चुलतभावाने देवळातून व्हिडिओ कॉल लावला. आम्ही सोफ्यावर हात जोडून बसलो. पाकळी पडली... आणि भांडण सुरू! तिकडे गुरव म्हणे उजवी, इकडे आई म्हणे डावी. भावाच्या फोनचा कॅमेरा आरशासारखं उलटं चित्र दाखवत होता, हे मी तिला कागदावर आकृती काढून समजावलं.

"देव काय कॅमेऱ्यात उलटा होतो?" आई म्हणाली. "तू गुरवाला पढवलंयस. मला सगळं कळतं."

झालं. त्यानंतर ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून भांडी घासायला लागायची. दोन जिने चढली तरी धाप लागायची, तेही लपवायची. मला रात्र रात्र झोप नव्हती. शेवटी मुग्धा, माझी बायको, म्हणाली, "एक दिवस विषय बंद. आईंना घोडे दाखवून आणू."

डेसाऊजवळ ओरानियनबाउम म्हणून गाव आहे. त्याच्या शेजारी पूर्वी लष्कराचा सराव चालायचा असा प्रचंड माळ आहे. वाळूची पायवाट, गुडघाभर सुकं गवत, मधेच एखादं बर्चचं झाड. जमिनीत अजून जुना दारूगोळा असू शकतो, म्हणून वाट सोडू नका, अशा पाट्या आहेत. तारेच्या कुंपणापलीकडे उंदरी रंगाचे घोडे वर्षभर मोकळे असतात. कोनिक म्हणतात त्यांना. त्यांना ना खोगीर, ना नाल.

दुपार होती, लख्ख ऊन. एका एकट्या बर्चच्या सावलीत पूर्ण कळप उभा होता, शेपटीसुद्धा हलवत नव्हता. आई बराच वेळ बघत राहिली. मग चपला काढल्या आणि मला म्हणाली, "ह्यांना तरी तू पढवलेलं नाहीस ना?"

आई आमच्याशी साधं मराठी बोलते, पण देवाशी मालवणीच.

"बा देवा म्हाराजा! ह्यो मुलूख तुझो नाय, पण आमी तुझीच लेकरां. माका ऑपरेशन करूचा असात, तर हे घोडे झाडाच्या उजवेक ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुण्याची मुग्धा ठसक्यात म्हणाली. मी इकडेतिकडे पाहिलं. सायकलवरून चाललेल्या एका आजोबांनी अदबीने "हालो" केलं.

काहीच झालं नाही. मी आईला "चल" म्हणणार, तेवढ्यात पुढची घोडी हलली. तिच्यामागे दुसरी, मग सगळेच. झाडाच्या उजवीकडे.

"हे बघ, फिफ्टी-फिफ्टी होतं," मी म्हणालो. मग आईकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. देवाने हो म्हटलं होतं, म्हणजे आता पळवाट उरली नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की कौलाचं नुसतं निमित्त होतं. ती घाबरली होती. आणि खरं सांगतो, मीही. महिनाभर "कर, कर" म्हणून तिच्या मागे लागलेला मी आतून पार टरकलो होतो.

झाडाखाली एक शिंगरू झोपलेलं राहिलं होतं. का कोण जाणे, मी मनात म्हणालो — आई यातून सुखरूप घरी येणार असेल, तर ते माझ्याकडे येऊ दे. ओठसुद्धा हलवले नाहीत.

शिंगरू उठलं. त्याची आई उजवीकडून खिंकाळत होती. त्याने तिकडे पाहिलंही नाही. उघडा माळ तुडवत ते सरळ कुंपणाकडे आलं. मुग्धाच्या हातात चिक्की होती, तिच्याकडे गेलं नाही. माझ्या आईसमोरून गेलं. माझ्यासमोर थांबलं आणि तारेपलीकडून माझ्या हातावर गरम श्वास सोडला. मी दगडासारखा उभा. किती वेळ, सांगता येणार नाही. मग ते वळलं आणि उधळत कळपाकडे गेलं.

आईने त्याच रात्री कोल्हापूरची तारीख घ्यायला सांगितली.

मी खूप डोकं खाजवलंय. शिंगरं कुतूहलाने येतात, मान्य. पण नेमकं तेव्हाच? नेमकं माझ्याकडे? मी काय मागितलं ते मुग्धालाही सांगितलं नव्हतं. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा, खवचट असलं तरी चालेल.

ऑपरेशनसाठी मी आईबरोबर कोल्हापूरला गेलो; ते चांगलं झालं. आयसीयूत नळी काढल्यावर आईने मला खुणेने जवळ बोलावलं. आवाज जेमतेम फुटत होता.

"तू काय मागितलंस त्या घोड्याकडे?"

"मी कुठे काय मागितलं? मी असलं मानत नाही."

"मग ते माझ्याकडे का नाही आलं? प्रश्न तर माझा होता."

मग मी सांगून टाकलं. सांगताना रडलो, नर्स बघत होती तरी. आईने माझं मनगट धरलं.

"अरे, मग मोठ्याने मागायचंस ना," ती म्हणाली. "मला वाटत होतं, मी एकटीच घाबरलेय."