मांडीवरचा गरम डबा

परवा इंदापूरहून बारामतीला एसटीनं निघाले होते, मांडीवर अम्मीचा स्टीलचा डबा घेऊन. आत घरातले संपलेले सेल... रिमोटचे, घड्याळाचे, अब्बा बाजारात वापरतात त्या माइकचा चौकोनी सेल आणि जुन्या मोबाईलची फुगलेली बॅटरी.

आमच्याकडे सेल उकिरड्यावर जातात आणि उकिरडा पेटवतात. घरात कॉलेज बघितलेली मी पहिलीच, त्यामुळे असल्या काळज्या माझ्याकडेच. बारामतीतला एक मोबाईलवाला जुन्या बॅटऱ्या रिसायकलिंगला पाठवतो, असं मैत्रिणीकडून कळलं होतं.

"कचऱ्याला तिकीट काढून नेतीय," असं म्हणत अम्मीनंच डबा घासून-पुसून दिला. आमच्या घरातून बाहेर जाणारी कुठलीही वस्तू स्टीलच्या डब्यातूनच जाते.

अर्ध्या वाटेत मांडीला ऊब लागली. ऊन असेल म्हटलं... पण ऊन तर पलीकडच्या खिडकीतून येत होतं.

शेजारच्या मावशींनी डब्याला हात लावला. "गरम हाय की अजून. मटण हाय व्हय?"

तेव्हा लक्षात आलं. चौकोनी सेलची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. संपलेल्या सेलमध्येही थोडी वीज उरते; ती टोकं स्टीलला टेकून शॉर्ट झाली असणार... आणि त्याला लागूनच ती फुगलेली बॅटरी.

गाडी गच्च भरलेली. पुढच्या सीटवर एक बाळ झोपलेलं. सगळे हसतील, या भीतीनं मी डबा तसाच मांडीवर धरून ठेवला, हे लिहितानाही लाज वाटते. डबा चटके देऊ लागला तशी ओढणीत धरून उठले. "काका, गाडी थांबवा. यात बॅटऱ्या आहेत, पेट घेतील."

"डब्यात बॅटऱ्या?" म्हणेपर्यंत कंडक्टरकाकांनी घंटी मारलीसुद्धा.

उतरून डबा मोकळ्या मातीत ठेवला आणि लांबूनच काठीनं आडवा केला. झाकण निघालं, सेल घरंगळले. पेटलं काही नाही... पण फुगलेली बॅटरी परत गाडीत न्यायला माझं मन होईना. "तुम्ही जा काका," म्हटलं. गाडी हलायच्या आत मावशी पिशवी घेऊन खाली उतरल्या.

"लेकीकडं चाललेय, घटकाभर उशिरानं काय व्हतंय? अशी एकटीला रस्त्यावर टाकू व्हय? मटण न्हाय तर न्हाय."

मी घरी फोन केला; भाऊ मोटारसायकलवरून वाळूची बादली घेऊन येईपर्यंत त्या माझ्याजवळ बसून होत्या. बॅटरी वाळूत घालून, सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून, प्लास्टिकच्या बरणीतून सगळं पोचवलं. तुम्हीही तसंच न्या... स्टीलचा डबा नको.

घाबरलेल्या डोक्यात मावशींचं नाव विचारायचं राहून गेलं. कुणी ओळखत असेल तर कळवा. अम्मीनं त्यांच्यासाठी मटण करायचं कबूल केलंय... नव्या डब्यात.