बुडबुडा मधोमध आला

प्रारंभीच क्षमा मागते. जिने एकतीस वर्षे शाळेत मराठीचे व्याकरण शिकवले आणि इतरांच्या लेखनाखाली लाल रेघा ओढल्या, तिने निवृत्तीनंतर स्वतःच लिहायला बसावे, हा एक प्रकारचा उद्धटपणाच आहे. त्यातून लिहायचे ते छायाचित्रणाविषयी, आणि त्या विषयातले माझे वय जेमतेम दोन हिवाळ्यांचे. परंतु कुरवंड्याच्या एका शेतात, माझ्या एका वाक्यात कर्ता गाळला गेल्यामुळे जे घडले, ते कोणापुढे तरी मांडल्यावाचून मला स्वस्थता लाभेलसे वाटत नाही. अशा गाळण्याने अर्थ दुहेरी झाला, तर वर्गात मी अर्धा गुण कापत असे.

आम्ही लोणावळ्यात राहतो. निवृत्त झाल्यावर हातांना काही उद्योग हवा म्हणून मी तळेगावातल्या एका छायाचित्रणाच्या वर्गात नाव घातले. बाकीचे विद्यार्थी लग्नसमारंभांची कामे मिळवण्यासाठी आले होते. मला मात्र समोर माणूस उभा केला की त्याला ‘जरा हसा’ असे सांगण्याचे धैर्य होत नसे. म्हणून मी निसर्गदृश्ये निवडली. डोंगराला हसायला सांगावे लागत नाही.

आमच्या शिक्षकांनी तीन नियम घालून दिले होते. हिवाळ्यात सूर्योदयापूर्वी जागेवर हजर राहायचे. ट्रायपॉड पूर्ण समपातळीत आणल्याशिवाय बटण दाबायचे नाही. आणि विषय कधीही मधोमध ठेवायचा नाही. “मधोमध ठेवलात की तो पासपोर्टचा फोटो झाला,” असे ते म्हणत. जानेवारीअखेर वर्गाचे एक छोटे प्रदर्शन होते आणि त्यासाठी प्रत्येकाने हिवाळ्याचे एक छायाचित्र द्यायचे होते.

माझा विषय मला कुरवंड्याला सापडला. नागफणीच्या सुळक्याकडे जाणाऱ्या वाटेवर भातखाचरे आहेत. भात निघून गेल्यावर तिथे पावटा आणि हरभरा उभा असतो. दोन खाचरांमधल्या बांधावर एक जुना रायवळ आंबा आहे. पहाटे कोकणाच्या बाजूने धुके वर चढते, खाचरे बुडतात आणि तो आंबा तेवढा गळ्यापर्यंत बाहेर राहतो. पाहताक्षणी मी ठरवले की हाच. जागा एकांताची होती, हेही एक कारण. ‘काय करताय?’ असे विचारणारे तिथे कोणी नसेल, अशी माझी समजूत होती.

रोज नेमक्या त्याच ठिकाणी उभे राहता यावे म्हणून पहिल्याच दिवशी मी ट्रायपॉडच्या तीन पायांखाली तीन दगड बसवले आणि धुक्यातही दिसावेत म्हणून त्यांना चुना फासला. या पद्धतशीरपणाचा मला थोडा अभिमान वाटला होता, हे कबूल करते.

पहिल्या सकाळी कॅमेरा लावून मी हातावर हात चोळत उभी होते. अंगात यजमानांचा स्वेटर, डोक्याला त्यांचीच कानटोपी. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक वृद्ध बाई धुक्यातून निघाल्या. बांधाच्या अलीकडचे खाचर त्यांचे होते. त्यांनी भारा खाली टाकला, ट्रायपॉडकडे पाहिले, दगडांकडे पाहिले, शेवटी माझ्याकडे पाहिले.

“काय घेताय?”

“धुके,” मी म्हणाले. ते खरेच होते.

त्यांनी क्षणभर विचार केला. “घ्या की. आमाला काय करायचंय त्येचं?”

मग त्या तिथेच टेकल्या आणि मी न विचारता आंब्याची हकीकत सांगू लागल्या. थोरल्या लेकीच्या बारशाला त्यांनी तो आपल्या हाताने लावला होता. लेक सुदुंबऱ्याला दिलेली. दर वर्षी लोणच्याच्या कैऱ्या तिच्याकडे याच झाडाच्या जातात. “पर आवंदा न्हाई जायच्या,” त्या म्हणाल्या. बांधापलीकडचे खाचर धाकट्या दिराचे. त्यांनी तिथे पर्यटकांसाठी तंबू टाकायचे ठरवले होते, आणि तंबूंपर्यंत गाड्या न्यायच्या तर वाटेत नेमका आंबा येत होता. “भावजी म्हनत्यात बांध सरकलाय, झाड आमच्यात हाय. मी म्हनते माज्यात हाय. आता बगा.”

काय बघायचे ते मला उमजले नाही. मी सहानुभूतीने मान हलवली. त्यांनी घरून चहा आणून दिला.

दुसऱ्या सकाळी मोटारसायकलवरून दीर आले. साठीचे गृहस्थ, अंगात जॅकेट, हातात पेरूंची पिशवी. त्यांनी चुन्याच्या दगडांना वळसा घातला, त्यांवर पाय पडू नये अशा बेताने, आणि मला नमस्कार केला.

“मॅडम, न नोटीस न काय, एकदमच आलात!”

दुसऱ्याच्या शेतात परवानगीवाचून शिरल्याबद्दल हे गृहस्थ मला बोलत आहेत, असे वाटून माझे कान तापले. “आपले बरोबर आहे,” मी म्हणाले. “आधी कळवायला हवे होते. क्षमा असावी.”

“आवं, क्षमा कसली! यवड्या थंडीचं आलात, तेच लय झालं. पेरू घ्या. घरचं हायेत.” मग आवाज उतरवून ते म्हणाले, “आमचा आन् वयनीचा मॅटर तुमाला ठाव असंलच. तुमी फकस्त सांगा, आंबा हिकडं का तिकडं. हिकडं निघाला तर उद्याच कटर लावतो.”

आता माझ्या ध्यानात आले. तीन पायांचे यंत्र, चुन्याचे दगड, एका डोळ्याने दूरवर पाहणारी आणि कोणाशी न बोलणारी एक कानटोपीवाली बाई. ते मला जमीन मोजायला आलेली समजत होते. मावळात ट्रायपॉड म्हटला की फोटो नव्हे, मोजणी आठवते. रस्ते, प्लॉट, बंगले, सगळे आधी तीन पायांवर येते.

त्याच क्षणी खुलासा करणे माझे कर्तव्य होते. मी मनात वाक्य जुळवू लागले. ‘आपला जो गैरसमज झालेला दिसतो, त्याचे निराकरण करताना मला असे नमूद करावेसे वाटते की...’ मुख्य वाक्यापर्यंत पोहोचले तेव्हा मोटारसायकल वळणापलीकडे गेली होती. माझ्या हातात पेरू होते.

घरी यजमानांना सांगितले. ते म्हणाले, “‘मी मोजणीवाली नाही.’ चार शब्द पुरेत.” मी म्हणाले, तीन. ते म्हणाले, मग तर सोपेच आहे.

तिसऱ्या सकाळी ते तीन शब्द पाठ करूनच मी स्कूटरवरून निघाले. परंतु त्या दिवशी धुके असे पडले होते की मी बोलायचे विसरले. दोन्ही खाचरे नाहीशी झाली होती. पूर्वेला उजेड फुटू लागला होता आणि हाताशी फार तर पाच मिनिटे होती. दंवाने जमीन मऊ झालेली, त्यामुळे ट्रायपॉडचा एक पाय रुतत होता. त्याच्या माथ्यावर एक इवलीशी काचेची डबी असते, तिच्यात पाणी आणि पाण्यात हवेचा बुडबुडा. बुडबुडा मधल्या वर्तुळात आला की यंत्र समपातळीत आले. तो काही केल्या येईना. मी वाकून, श्वास रोखून, एकेक पाय केसभर वरखाली करत होते. दीर आणि वहिनी दोघेही येऊन माझ्या मागे उभे राहिले होते, हे मला केवळ चाहुलीने कळले.

बुडबुडा सरकला. वर्तुळात स्थिरावला. आणि मागून आवाज आला:

“मॅडम, कुटं आला?”

त्यांचीही नजर डबीवर आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली. मला तर आनंदच झाला होता.

“मधोमध!” मी म्हणाले. “अगदी मधोमध आला.”

आणि बटण दाबले.

मी वळून पाहिले. दीर आंब्याकडे पाहत होते. वहिनी दिरांकडे पाहत होत्या.

“म्हंजी निम्मा-निम्मा?” ते म्हणाले.

मी तोंड उघडले. पण वहिनी माझ्या तीन शब्दांपेक्षा चपळ निघाल्या. “आयकलंत न्हवं, भावजी? मधोमध. आता यकट्यानं कुनी कुऱ्हाड लावायची न्हाई. निम्मा माजा हाय.”

“व्हय, आता मॅडमच म्हनत्यात तर आपुन काय बोलायचं,” ते खिन्नपणे म्हणाले आणि बांधावरून उतरून गेले.

मराठीत कर्ता गाळता येतो, हे भाषेचे सौंदर्य असल्याचे मीच शिकवलेले आहे. क्रियापदावरून लिंग-वचन कळते, बाकीचे संदर्भावरून. परंतु बुडबुडा पुल्लिंगी आणि आंबाही पुल्लिंगी, त्याला काय करावे? बांधावर चिंच असती तर ते ‘कुटं आली?’ म्हणाले असते, मी तत्काळ दचकले असते आणि सर्व काही सुरळीत पार पडले असते.

दीर दिसेनासे झाल्यावर मी वहिनींजवळ गेले आणि पाठ केलेले वाक्य एकदाचे म्हटले. “मावशी, मी मोजणीवाली नाही.”

“ठाव हाय,” त्या गवत कापत म्हणाल्या. “पयल्याच दिशी कळलं.”

“कसे?”

“मोजनीवालं कवा सूर्य उगवायच्या आदी येत्यात व्हय?”

“पण मग मी खोटे बोलले असे होते...”

“कुटं खोटं? तुमचा त्यो बुडबुडा मधोमध व्हता का न्हवता?”

“होता.”

“मंग झालं. च्या घ्या.”

मी चहा घेतला.

दिरांनी गाड्यांची वाट खालच्या अंगाने काढली. ती लांब पडली आणि खर्चही अधिक झाला, असे ऐकते. तंबू उभे राहिले. पर्यटक येतात आणि येताच आंब्याखाली उभे राहून स्वतःचे फोटो घेतात. दीर आता सर्वांना सांगतात की झाड ठेवायची कल्पना त्यांचीच. माझे छायाचित्र प्रदर्शनात लागले. नियमाप्रमाणे आंबा मी डाव्या बाजूला ठेवला होता. शिक्षकांनी पाठ थोपटली. एवढ्यावर हे संपायला हवे होते.

पण परवा दिरांचा निरोप आला. तंबूंच्या फाट्यावर त्यांना मोठा फलक लावायचा आहे आणि त्यावर त्या सकाळचे माझे छायाचित्र हवे आहे. फक्त ते त्याला फोटो म्हणत नाहीत. “मॅडमना म्हनावं, त्या दिवशीचा नकाशा द्या.”

ते देण्यासाठी मी मोठ्या आकारात छापून घेतले. टेबलावर पसरले आणि चष्मा पुसून पाहिले. धुके विरळ झाले आहे तिथे बांधाची कड स्पष्ट उमटली आहे, आणि आंब्याचा बुंधा तिच्या मधोमध नाही. मला जमीन मोजता येत नाही आणि कॅमेऱ्याचा कोन फसवा असू शकतो, हे मान्य. तरीही माझ्या डोळ्यांना तो सगळाच्या सगळा दिरांच्या बाजूला दिसतो. यजमानांना दाखवले. ते छपाईवर वाकले आणि म्हणाले, “धुके छान आले आहे.”

यंदा आंब्याला मोहोर दाट आहे. वहिनींनी सुदुंबऱ्याला तसे कळवलेही आहे. दीर मात्र मला घरचे पेरू देऊन गेलेले गृहस्थ आहेत, आणि ते जे मागत आहेत ते खरे असलेले छायाचित्र आहे. लाल पेन्सिल हाती घेऊन मी दोन दिवस त्या छपाईपुढे बसून आहे, आणि प्रथमच मला चूक नेमकी कोठे आहे ते सापडत नाही.

तुम्हीच सांगा, हे छायाचित्र मी त्यांना द्यावे का?