ऋताच्या गाण्याचा अर्थ मला ठाऊक होता

अगं, तो फोन आधी स्पीकरवरून काढ आणि कानाशी धर. किती वेळा सांगायचं तुला? इथे तू एकच मैत्रीण, म्हणून सांगते; हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — माझ्या मुलालाही नाही.

माझी सून ऋता, तिला विमानांचा भारी नाद. इथे बाडहूव्हडॉर्पला, विमानतळाच्या अगदी शेजारी, ती डोक्यावरूनच जातात ना — गॅलरीत दुर्बीण घेऊन उभी राहायची, नुसत्या आवाजावरून ओळखायची. हातची नोकरी सोडून नवऱ्यामागे आलेली पोर. मी आले चार दिवस राहायला, आणि करोनाने आम्हाला घरात कोंडलं. आकाशही गप्प झालं.

तेव्हा तिने गाणं केलं. इंग्रजी, गिटार खणाखणा वाजवून — रॉक का काय ते. मी सातवी शिकलेली, मला काय कळणार? पण एका दुपारी वाटाणे सोलताना तिने ओळ अन् ओळ मराठीत सांगितली. वरचं प्रत्येक विमान मी ओळखते. पण विमानंच थांबली तर मी कोण? या वेडापलीकडे मी कुणी आहे का? — माझे हात थांबले.

"आई, जमलंय का?"

"जमलंय गं," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

मग गणपती आले. आरती स्क्रीनवर, अर्धे पुण्यात, अर्धे इकडे, टाळ्या मागेपुढे. माझ्या नणंदेला कुणीतरी ते गाणं पाठवलेलं. "काय वहिनी, सूनबाई एवढी का ओरडते? छळता की काय तिला?"

सगळे हसले. अर्थ सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण मी म्हणाले — "पोरकटपणा गं. रिकामं डोकं, दुसरं काय?" आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसले.

ऋता मागेच उभी होती, मोदकांचं ताट घेऊन.

रात्रीची भांडी आवरताना तीच म्हणाली, "मला तेव्हा अर्थ नीट सांगता आला नाही ना, आई?" बघ — वाट तिनेच करून दिली. आणि मी? "हो गं, माझ्या कुठे डोक्यात शिरतंय," म्हणाले. नणंदेपुढे शहाणं दिसायचं होतं, आणि सुनेपुढे अडाणी. दोन्ही साधलं.

गिटार खाली सायकलींच्या खोलीत, सायकलींमागे गेली. आता विमानं पुन्हा सुरू झालीत. परवा एक इतक्या खालून गेलं की कपबशा वाजल्या. ती मान वर न करता पोळ्या लाटत राहिली.

लवकर ये गं, हूफडॉर्पहून बसने तर यायचंय. आलीस की ऋतापुढे गाण्याचा विषय तेवढा काढू नकोस — तो मला काढायचाय. तू नुसती ये.