पदर नावाचा क्लास

"ताई, पदर अजून निळाच दिसतोय की," सलीमभाई फोनवर म्हणाले.

मी राजारामपुरीत, आमच्या ऑफिसात. ते कबनूरला, त्यांच्या कारखान्यात. दुपारचे दोन वाजले होते आणि चारला त्यांच्याकडं बेळगावचे व्यापारी येणार होते, मी केलेली नवी वेबसाइट बघायला. सलीमभाई साड्या विणतात. पदरावरची नक्षी त्यांच्या बायकोची, शाहीनभाभींची. ती कुणी काढली, हे आजवर एकाही व्यापाऱ्यानं विचारलं नव्हतं. वेबसाइटवर पहिल्यांदाच बारा पदरांखाली भाभींचं नाव आलं होतं, आणि चारला त्या स्वतः समोर बसणार होत्या.

हा निळा पदर मात्र साडीचा नव्हे. पहिल्याच मीटिंगमध्ये सलीमभाईंनी स्क्रीनच्या तळाच्या पट्टीवर बोट ठेवलं होतं, जिथं पत्ता आणि फोन नंबर असतो. "पान हितं संपतंय न्हवं? मग ह्यो पानाचा पदर. डाळिंबी पायजे." मला ते इतकं आवडलं की कोडमध्ये त्या पट्टीला मी 'पदर' हेच नाव दिलं. अशा नावाला आम्ही क्लास म्हणतो. रंग क्लासला सांगायचा, मग तो क्लास असलेल्या प्रत्येक वस्तूला तो लागतो.

रंग मी सकाळीच लिहिला होता, पण लागत नव्हता. आमच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे साइट बांधायच्या तयार सांगाड्यात, पान सुट्या तुकड्यांचं बनतं. मेनू एक तुकडा, एकेका साडीची माहिती दाखवणारं कार्ड एक, तळाची पट्टी एक. त्यांना कॉम्पोनंट म्हणतात. प्रत्येकाची स्वतःची स्टाइलशीट, म्हणजे रंगरूपाची फाइल, आणि तिचं चालतं ते त्या तुकड्यापुरतंच. मी रंग लिहून बसले होते मुख्य पानाच्या फाइलमध्ये. पुढं 'इम्पॉर्टंट' जोडलं, म्हणजे बाकीचं सोड, हे आधी ऐक. तरी ढिम्म.

पट्टीची स्वतःची फाइल उघडायची, एवढंच करायचं होतं. पण डोकं तापलं की मला सरळ काही सुचत नाही. मी ती ओळ उचलली आणि सगळ्या साइटला लागू होणाऱ्या ग्लोबल फाइलमध्ये टाकली, इम्पॉर्टंटसकट. पट्टी डाळिंबी झाली. साइट चढवली आणि चहा सांगितला.

चहा यायच्या आत फोन. या वेळी शाहीनभाभी. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली.

"ताई, माझं पदर कुठं गेलं?"

"म्हणजे?"

"बाराच्या बारा नुसतं लाल हायत. नक्षीच न्हाय. खाली नाव तेवढं माझं हाय."

साइट उघडली. बाराही चौकटी नुसत्या डाळिंबी. शेजारी प्रशांत बसतो. साडीचं कार्ड त्यानं बनवलेलं.

"नक्षीच्या चौकटीला क्लास काय दिलायस?"

"पदर," तो म्हणाला. "साडीच्या पदराला दुसरं काय म्हणू?"

खरंच की. नक्षीचे फोटो त्यानं त्या चौकटींचं बॅकग्राउंड म्हणून लावले होते. माझ्या ओळीनं बॅकग्राउंड डाळिंबी केलं आणि फोटो पुसले गेले. मी पट्टीला गमतीनं पदर म्हटलं होतं, त्यानं पदराला पदर म्हटलं होतं. चूक कुणाची हे विचारायची सोयच नव्हती.

ग्लोबल फाइलमधली ओळ काढली. पट्टीचा क्लास बदलून 'फूटर' केला आणि रंग तिच्याच फाइलमध्ये लिहिला. इम्पॉर्टंट न लिहिता लागला. ज्याचा रंग त्याच्याच फाइलमध्ये, हे मी ऑफिसातल्या नव्या लोकांना कितीदा तरी शिकवलंय.

पावणेचारला भाभींना फोन लावला. "तळाच्या पट्टीचं नावही मी पदरच ठेवलं होतं, त्यानं घोळ झाला. आता बदललंय. पान रिफ्रेश करा." मागांच्या खडखडाटातून त्या म्हणाल्या, "आलं. बाराच्या बारा."

संध्याकाळी सलीमभाईंचा फोन. व्यापाऱ्यांनी मोबाइलवर एकेक पदर मोठा करून बघितला आणि जे काय विचारायचं ते थेट भाभींना विचारलं. "मी आपला नुसता चा देत हुतो," ते म्हणाले. खूश होते.

मग भाभींनी फोन घेतला.

"ताई, त्या खालच्या पट्टीला आता काय म्हणता?"

"फूटर."

"झ्याक. पदर आमच्याकडंच राहू दे."