सोळा औंसांचा किल्ट

साल दोन हजार तेवीस, आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मांडीपासून पिंढरीपर्यंत जाड ब्रेस बांधला होता. डॉक्टरीण म्हणाली, रोज चाला, नाहीतर पाय आखडेल. चालायला माझी ना नव्हती. प्रश्न असा होता की घालायचं काय? ब्रेसवरून पॅन्ट चढेना. हाफपॅन्ट मी चौथीत शाळा सोडली त्या दिवशी सोडली, ती पुन्हा घालणार नव्हतो. उरली लुंगी.

पण आम्ही राहतो ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला. इथला वारा डोंगरावरून उतरतो तो थेट अंगावर येतो. एका हातात काठी, दुसऱ्यात लुंगीची गाठ, असा मी समुद्राकडे निघालो आणि बसस्टॉपजवळ गाठ सुटली. पुढचं सांगत नाही. बसमधल्या लोकांनी पाहिलं तेवढं पुरे.

मुलाने संध्याकाळीच ट्रेडमिल ऑर्डर केलं. "बाबा, घरातच चाला. वीकेंडच्या नंतर डिलिव्हरी आहे."

"भिंतीकडे तोंड करून चालू? चुकलं काय माझं?"

"सेफ्टीचा प्रश्न आहे."

मी जेवलो नाही. म्हणजे एक भाकरी कमी खाल्ली. माझ्या अख्ख्या दिवसात ते समुद्रापर्यंतचं चालणं एवढंच माझं स्वतःचं होतं. बाकी घर त्यांचं, टीव्ही त्यांचा, जेवायची वेळसुद्धा त्यांची.

दुसऱ्या दिवशी शेजारी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवत होता. हा माझ्याच वयाचा, पोलादाच्या कारखान्यातून रिटायर झालेला. बाप स्कॉटलंडहून आलेला, म्हणून हा बारा महिने किल्ट घालतो, म्हणजे तिकडच्या पुरुषांचं गुडघ्यापर्यंतचं चुण्याचुण्यांचं वस्त्र. गवत कापतो तोही किल्टमध्येच. वाऱ्याने डब्याचं झाकण उघडलं, त्याची टोपी सरकली, पण किल्ट? नुसती खालची किनार हलली. मी कुंपणाशी गेलो. माझं इंग्रजी मोडकं, त्याचं तोंडातल्या तोंडात, पण कापडाचं बोलणं असलं की मला सगळं कळतं.

"तुझा घागरा उडत कसा नाही?"

"घागरा म्हणालास तर डबा डोक्यात घालीन, मेट." मग त्याने चुण्यांचा एक झुबका माझ्या हातात दिला. "वजन बघ."

आता मी कराडला जन्मभर शिलाई केलेला माणूस. मला हा काय शिकवणार! गिऱ्हाईक शर्टाचं कापड आणायचं, मी शर्ट शिवून वर लेकराच्या झबल्याएवढं परत द्यायचो. कापड वाचवणं हाच माझा मान. घरी आलो, सूनबाईने मुलाच्या पॅन्टसाठी आणून ठेवलेलं टेरिकॉट काढलं आणि अडीच मीटरमध्ये किल्ट बसवला. चुण्या उथळ, पण धारेला धार लावलेली. खाली सुबक तुरपाई. मोठ्या ऐटीत शेजाऱ्याला दाखवायला गेलो.

तो शेडमध्ये गेला आणि पाला उडवायचं मशीन घेऊन आला. मी थांब म्हणेपर्यंत चालू केलं. किल्ट माझ्या छातीवर आला. आत चड्डी होती म्हणून बरं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सूनबाई ओरडली, "अहो बाबा, काय चाललंय तुमचं!" आणि मग तिचं हसणं थांबेना.

"स्कूलगर्ल," शेजारी म्हणाला.

हे मात्र लागलं. "चल, दुकान दाखव," म्हटलं.

त्याच्या यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, लोकरीच्या कापडाच्या दुकानात गेलो. तिथे एका वाराचं वजन किती औंस ते बघून कापड घेतात: एक तेरा औंसांचं, एक सोळा. तेराचं मऊ. शेजारी म्हणाला, तिकडे वर उकाड्याच्या ब्रिस्बेनला राहत असतास तर हेच घे म्हटलं असतं. मी दोन्ही मुठीत चुरगाळून सोडली. तेराची सुरकुती रेंगाळली. सोळाचं कापड हाताबाहेर पडलं ते सरळ होऊनच. रोज बसायचं, उठायचं, काठी टेकायची; सोळाच घेतलं. स्कॉटलंडात प्रत्येक घराण्याच्या चौकड्या वेगळ्या; त्याच्या घराण्याच्या त्याने पुढे केल्या, पण दुसऱ्याच्या कुळाचं मी कशाला घालू? साधा गडद करडा रंग निवडला.

"किती द्यायचं?" दुकानदारीण.

"आठ वार," शेजारी.

आठ वार! नऊवारीला एक वार कमी, आणि तेही एका म्हाताऱ्याच्या कमरेला! मी भांडलो. पाच म्हटलं, सहा म्हटलं. तो म्हणाला, चुणीच्या पोटात कापड असतं तेच किल्टला खाली धरून ठेवतं, वरून दिसतं त्याचा काही उपयोग नाही. पाला उडवायचं मशीन आठवलं आणि आठ वारांचे पैसे मोजले.

शिवताना पुन्हा भांडण. तो म्हणे, खाली दुमड नको, कापडाची विणलेली किनारच खाली येऊ दे. बिनतुरपाईचं कापड मी आजवर कुणाच्या अंगावर चढवलं नव्हतं! हट्टाने चार चुण्यांना दुमड घातली. घडीवर घडी येऊन खाली गाठोडं झालं. तो चहा घ्यायला आत गेला तेवढ्यात मी ती उसवून टाकली.

पण एका जागी मी हललो नाही. कमरेजवळ चुण्यांच्या आतलं जादा कापड कापून टाकतात म्हणे. चांगली लोकर कापून फेकायची? मी ती आतच दाबली, वर कॅनव्हासची पट्टी बसवली, म्हणजे कमरेला आवळायच्या बक्कलच्या पट्ट्यांचा ताण चुण्यांच्या शिवणीवर येत नाही, मग अस्तर. बसलं की मागे जरा उशी लागते. मला ती आवडते. शेजारी म्हणाला, असा किल्ट त्याच्या बापाने पाहिला असता तर रडला असता. "रडू दे," म्हटलं.

रविवारी संध्याकाळी बक्कल लावलं आणि हॉलमध्ये उभा राहिलो. सूनबाई माझ्याभोवती फिरली. "बाबा, खरंच भारी दिसतंय. मी हसणार होते, पण नाही."

मुलगा फोनमध्येच. "डिलिव्हरी उद्या आफ्टरनूनला आहे."

"परत पाठव."

"असं नाही. सकाळी मी येतो बरोबर. उडाला तर ट्रेडमिल घरात. नाही उडाला तर कॅन्सल. ओके?"

"हो," म्हटलं, आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळी वारा असा सुटला होता की बागेतली खुर्ची आडवी पडली होती. मुलाच्या तोंडावर हसू होतं. मी काठी घेतली, दुसरा हात मुद्दाम मागे बांधला आणि निघालो. बसस्टॉप गेला. किनार हलली, तेवढंच. वळणावर समुद्राचा आणि डोंगराचा वारा एकत्र आला. चुण्या एकदा फुलल्या आणि धपकन जागेवर बसल्या. मुलाची टोपी मात्र उडाली आणि रस्ता ओलांडून गेली. तो तिच्या मागे पळाला.

"आधी फोन कर, मग टोपी!" मी ओरडलो, आणि त्याच्यासाठी न थांबता पुढे चालू लागलो.